खिळ्यावरची वायर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कचऱ्याची पिशवी बांधणं. मी तोंड धरलं, सुमनने गाठ मारली. आत मेथीच्या काड्या होत्या, शेंगांची टरफलं होती, चहाचा चोथा होता. जेवणं झाली होती. मी माझी रोजची फेरी मारून आलो होतो, म्हणजे टीव्हीचा प्लग काढला, मिक्सरचा काढला, टोस्टरचा काढला, आणि गराजमध्ये जाऊन ट्रॅक्टरच्या हीटरचाही काढून वायर खिळ्यावर टांगली. ते तिला माझ्या तोंडावरून कळलं. "काढलात ना?" म्हणाली. मी म्हटलं, "आज एवढी थंडी नाही. बर्फ पडणार नाही म्हणालेत." "कोण म्हणालं?" "टीव्हीवरचा तो, टायवाला." "सकाळी तो बसणार आहे का तुमच्या ट्रॅक्टरवर?" मी पिशवीची गाठ परत ओढून बघितली. तिने पिशवी उचलली, "सरका, मेकॅनिक" म्हणाली आणि कोपराने गराजचं दार ढकलून गेली. मी चष्मा शोधत बसलो. तो डोक्यावर होता, हे तिने परत आल्यावर सांगितलं.

आयुष्यभर ती मला मेकॅनिकच म्हणाली. चारचौघांत 'अहो', घरात 'मेकॅनिक'. पोरं लहान असताना त्यांना वाटायचं बापाचं नावच ते. मी कुठला मेकॅनिक? गावाकडे विहिरीवरच्या इंजिनांना हँडल मारणारा, नववी नापास पोरगा. ताईने कागद केले आणि मी अमेरिकेत आलो. मधली भानगड सांगत बसत नाही. ज्या हिवाळ्यात मला हे नाव पडलं तेवढाच सांगतो, कारण बाकीचं आयुष्य त्या हिवाळ्याच्या पोटातून निघालं.

ताईचं घर विस्कॉन्सिनच्या वरच्या अंगाला, पार झाडांत. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, कागदाच्या गिरणीत इंजिनियर. वाऱ्याची दिशा फिरली की गिरणीचा वास घरात यायचा, सडक्या कोबीसारखा, आणि दाजी म्हणायचे, "वास नाही तो, पगार आहे." घरात दाजींचे वडील अप्पा, दाजींची धाकटी बहीण सुमन, आणि मी. सुमन तिथल्या कॉलेजात हिशेबाचं शिकत होती. म्हणजे बघा, ताईची नणंद ती, आणि मी ताईचा भाऊ, भाकरीला भार. ज्वारी तिकडे मिळायची नाही. ताई मक्याच्या पिठाच्या भाकरी थापायची, त्या कडेने फाटायच्या, आणि प्रत्येक भाकरीला ती एकदा अमेरिकेला शिव्या द्यायची. पण लोणी मात्र काय सांगू! रविवारी ती लोणी कढवायला घ्यायची, तुपाचा वास जिन्यावरून माझ्या खोलीत यायचा आणि मला जाग यायची ती थेट कराडला. मग खालच्या तळघरातली घर तापवायची भट्टी धडाड करून पेटायची आणि मी परत विस्कॉन्सिनात. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. ताईच्या बांगड्या, अप्पांचं खाकरणं, आणि बर्फ पडला की बाहेर जे काही ऐकू येत नाही, ते.

घरापासून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत लांबलचक ड्राइव्हवे, तोही चढाचा. तो साफ करायला घराबरोबरच आधीच्या मालकाने एक छोटा ट्रॅक्टर ठेवला होता. बागेत चालवायचा, पण डिझेलवरचा, तीन सिलिंडरचा, पुढे बर्फ ढकलायचं पातं. मी आल्या आल्या दाजींना म्हटलं, हे माझ्याकडे सोपवा. डिझेल इंजिन म्हणजे आमचा घरचा माणूस. ऑक्टोबरात मी त्याच्यावर बसून पानं गोळा केली, ऐटीत फिरलो, सुमन खिडकीतून बघतेय ना हेही बघून घेतलं. आणि पहिली खरी थंडी पडली तसा तो घरचा माणूस ओळख देईना. सेल्फ मारला की नुसता घुर्र, पांढरा धूर, आणि गप्प. मी आयुष्यात तापलेली इंजिनं पाहिली होती. इंजिनाला थंडी वाजते हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मी माणसाला करतो ते सगळं त्याला केलं. आईच्या लुगड्यांची गोधडी, जी ताईने बॅगेत कोंबून आणली होती, ती रात्री त्याच्यावर घातली. सकाळी उकळत्या पाण्याची रबरी पिशवी इंजिनावर ठेवून बसायचो. अप्पा दारात उभे राहून बघायचे. ते मिरजेच्या नगरपालिकेत हेडक्लार्क होते, मफलर कानाला गुंडाळलेला, हात मागे. म्हणाले, "दत्तोबा, शेकलंत ते बरं केलंत. आता थोडा काढा द्या. आलं घालून." सुमन मागून म्हणाली, "अप्पा, दृष्टपण काढायला हवी. मीठ-मोहऱ्या आणू?" आणि ताई फक्त एवढंच म्हणाली, "दत्या, गोधडीला डिझेलचा वास लागला तर तू त्याच्याशेजारीच झोपायचंस." वास लागलाच होता. दाजी कामावर उशिरा पोचले त्या आठवड्यात, दोनदा. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तिकडे सगळ्या गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबत असते, शेंबडासारखी. मी आल्यापासून बघत होतो, पण विचारायची लाज वाटायची. पार्ट विकणाऱ्या दुकानात गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला हातवारे करून सांगितलं, इंजिन, थंड, घुर्र. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने फळीवरून एक डबी काढली. आत लोखंडी नळीचा वीतभर तुकडा, त्याच्या पोटात तार बसवलेली, आणि त्याला वायर. रेडिएटरच्या खालून इंजिनात जाणारा रबरी पाइप कापायचा, मधे हा तुकडा बसवायचा, रात्री प्लग लावायचा. आतलं पाणी तापतं, वर चढतं, इंजिन रात्रभर कोमट राहतं. एवढंच. डबीत एक कागद होता, बारीक इंग्रजीत. मी तो खिशात घातला आणि घरी येईपर्यंत कोण वाचून देईल याचाच विचार करत होतो. खरं सांगायचं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी सुमन आणि मी गराजमध्ये बसलो. ती उलट्या बादलीवर, हातमोजे घालून, कागद घेऊन. मी जमिनीवर पाठीवर. "काय हो मेकॅनिक," ती म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "आधी कूलंट काढून घ्या, असं लिहिलंय." ट्रॅक्टर खाली टेकलेला, बादली शिरेना. पसरट काहीतरी हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याखालची परात आणली. पितळेची, काठावर आजीचं नाव कोरलेली. सुमनने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि परत कागदात डोकं घातलं. नंतर मी म्हटलं, अगं सांगायचं तरी. तर म्हणाली, "कागदात लिहिलं नव्हतं." ते हिरवंगार, न गोठणारं कूलंट त्या परातीत पडत असतानाच ताई दारात आली. ते विषारी असतं हे मला माहीत होतं, तिला त्याहून चांगलं माहीत होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "छान. आता मी कणीक कशात मळू? टोपीत?" ती परात पुन्हा घरात आली नाही. आजही ट्रॅक्टरखाली आहे, तेलाचे थेंब झेलत. आजीचं नाव अजून वाचता येतं.

पाइप कापला. "मोजून कापा," सुमन म्हणाली. मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात?" तो जास्त कापला गेला, आणि मला नवा पाइप आणायला परत दुकानात जावं लागलं. म्हातारा या वेळी हसला. दुपारी नवा पाइप मोजून कापला. मोजलं तिने, कापला मी. दोन्ही बाजूंनी तुकडा आत सारला, वर पट्ट्या आवळल्या. आता मला चैन पडेना. हातात वायर होती, भिंतीत पॉइंट होता. म्हटलं, लावून बघतो, तापतोय का. ती बादलीवरून ताडकन उठली. "अहो! रॉड कधी कोरडा लावतात का?" मिरजेला अंघोळीचं पाणी तापवायला त्यांच्याकडे बादलीत सोडायचा रॉड होता, आणि तिच्या काकूने एकदा पाण्याआधी बटण दाबलं होतं. "फट् करून फुटला, आणि काकू पुढचे दोन महिने तोतरं बोलत होती." मी वायर खाली ठेवली. नंतर तिने कागदात बघितलं तर तेच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, चौकटीत. "आधी वाचायचं ना!" मी म्हटलं. "आधी तुम्ही थांबायचं," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात याहून वेगळं भांडण आमचं झालं नाही, फक्त वस्तू बदलल्या.

कूलंट भरलं, आतली हवा बुडबुडे काढून गेली, परत वरून भरलं. मग प्लग लावला. मी पाइपवर हात ठेवला. तिनेही हातमोजा काढून ठेवला. पाइप लहान होता. "तापतोय का?" "थांबा की." "नाही तापत." "तुम्हाला धीर म्हणून नाही." आम्ही तसेच बसलो. आत ताई लाटण्याचा आवाज करत होती, ओट्यावर पीठ मळून, मुद्दाम मोठ्याने. आणि मग हळूहळू रबरातून ऊब वर आली, आधी तिच्या हाताखाली, मग माझ्या. ती म्हणाली, "आली." मी हात तसाच ठेवला.

तो हिवाळा मी राजासारखा काढला. अंधार पडायच्या आत लाकडाच्या वखारीतल्या कामावरून यायचो, पहिलं काम प्लग लावायचा. सकाळी उठून तो काढायचा, वायर गुंडाळून खिळ्यावर टांगायची, चावी फिरवायची, की इंजिन एका झटक्यात. दाजी वेळेवर गिरणीत. शेजारच्यांचा ड्राइव्हवेपण मी करून द्यायचो. मला वाटायचं, माझ्या हाताला काय यश आहे! अप्पाही एकदा म्हणाले, "यंत्र चांगलं आहे." माझ्याबद्दल नाही बोलले, यंत्राबद्दल बोलले, पण मी ते माझ्या अंगाला लावून घेतलं.

आता अप्पांची फेरी सांगायला हवी. जेवणं झाली, हात धुतले, सुपारी कातरली, की अप्पा उठायचे आणि घरभर फिरून सगळं बंद करायचे. मिरजेला बटणं बंद करायचे आणि शेवटी गॅसचा सिलिंडर. इथे भिंतीतल्या पॉइंटला बटणच नाही. मग ते प्लगच उपटायचे. दिव्याचा, रेडिओचा, इस्त्रीचा, जी इस्त्री आठवडाभर कोणी वापरलेली नाही तिचाही. "पॉइंटात प्लग ठेवून झोपायचं म्हणजे चुलीत लाकूड ठेवून झोपायचं," म्हणायचे. वायर उपटली की नीट आठाच्या आकड्यासारखी गुंडाळायचे, टोक आत खोचायचे. एकदा त्यांनी फ्रीजचा प्लग काढला आणि ताईचं चार दिवसांचं दही आणि भाज्या गेल्या, तेव्हापासून फ्रीजच्या प्लगला चिकटपट्टी होती. इथे सिलिंडर नव्हता, त्यामुळे फेरीच्या शेवटी त्यांचा एक हात रिकामा राहायचा, तो ते जरा वेळ हवेत धरायचे. हे सगळं मी रोज बघत होतो, आणि तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही की गराजमध्येही एक प्लग आहे. सांगितलं ना, नववी नापास. सुमन त्यानंतर भांडी घासून कचरा टाकायला गराजमध्ये जायची. रोज तीच. मला वाटायचं, काय कामसू मुलगी आहे!

फेब्रुवारीत अप्पांनी स्थळ आणलं. फ्रीमाँटचा मुलगा, कॅलिफोर्नियात, कॉम्प्युटरच्या कंपनीत, इंजिनियर. फोटो आला होता, गाडीला टेकून उभा, मागे ऊन. अप्पांनी तो फोटो देवाजवळ ठेवला, म्हणजे देवालाही पसंत करावा लागला. सुमन म्हणाली, "मला नाही बघायचं कोणाला." अप्पा म्हणाले, "बघायला काय जातंय? येऊ दे, चहा पिऊ दे, जाऊ दे." पण चहा पिऊन कोणी जात नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पांनी बैठकीची तारीख मनात धरली होती. मी बोलणार कोणत्या तोंडाने? ज्याच्या घरी खातो त्याच्या बहिणीबद्दल? मी माझं काम करत राहिलो, आणि भाकरी एक कमी खाल्ली. ताईने ते बघितलं आणि मला दोन वाढल्या.

पाहुणे शनिवारी सकाळी यायचे होते. आदल्या रात्री विमानाने शहरात उतरून, सकाळी भाड्याची गाडी घेऊन, आणि त्याच संध्याकाळी परत. शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी ओट्याशी उभा राहून पाणी पीत होतो. सुमन भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेकॅनिक, उद्या बर्फ पडणार म्हणतात. ड्राइव्हवे साफ होईल ना?" मी म्हटलं, "होईल की." "पाहुण्यांच्या बुटाला बर्फ लागता कामा नये." "लागणार नाही." "नक्की?" मी छाती काढून म्हटलं, "गालिचा अंथरल्यासारखा करतो. तू काळजीच करू नकोस." तिचे हात पाण्यात थांबले. मग म्हणाली, "बरं." ताट पुसून ठेवलं, पिशवी उचलली आणि कचरा टाकायला गेली. मला वाटलं, पोरगी खूश झाली.

सकाळी खिडकीच्या तळाला लागलेला बर्फ. मी अंधारातच गराजमध्ये गेलो, लाइटसुद्धा न लावता चढून बसलो, चावी फिरवली. घुर्र. परत. घुर्र. पांढरा धूर, आणि गप्प. मी त्याला मराठीत काय काय म्हणालो ते सांगत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. आत ताई शिऱ्याचा रवा भाजत होती, वास गराजपर्यंत येत होता, दाजी रेशमी सदरा घालून दारात. "दत्ता?" एवढंच म्हणाले. मी खाली उतरून पाइपला हात लावला. बर्फासारखा. लाइट लावला. वायर खिळ्यावर. आठाच्या आकड्यात गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. अप्पा टेबलाशी चहा पीत होते, काळा कोट, पगडीची कमी. म्हटलं, "अप्पा, ट्रॅक्टरचा प्लग काढलात का?" "काढला." "कधी?" "कधी म्हणजे? फेरीला." "अहो पण तो रात्रभर ठेवायचा असतो! काल का काढलात?" अप्पांनी कप खाली ठेवला. ते चिडले होते, कारण त्यांच्या फेरीबद्दल आजवर फ्रीज सोडून कोणी तक्रार केली नव्हती. "काल का म्हणजे? रोज काढतो. तुम्ही बसवलात त्या दिवसापासून रोज काढतो. पॉइंटात प्लग ठेवून झोपायचं म्हणजे..." पुढचं मला ऐकू आलं नाही. रोज काढतात. मग रोज सकाळी इंजिन गरम कसं? रोज सकाळी वायर पॉइंटात कशी? ताईचं उलथणं थांबलं होतं. ओट्याशी सुमन पोह्यांना कोथिंबीर चिरत होती, खाली मान घालून, इतकी बारीक, इतकी बारीक, की तिची चटणी झाली. कान लाल. मी बघतच राहिलो. दाजी मागून म्हणाले, "मग आता काय करायचं?" मी म्हटलं, "फावड्याने काढतो." आणि इतक्या आनंदात फावडं घ्यायला मी आजवर कधी धावलो नाही.

काढला मी बर्फ. पण एक सांगतो, तसं फावडं मी कधी मारलं नाही. एक खोरं उचलायचं, ते कुठे टाकावं याचा विचार करायचा, मग कमरेला हात लावून आभाळाकडे बघायचं. दाजी शेजारी खोरत होते, त्यांची कंबर गेली तसे ते आत गेले. टपालपेटी तिकडे लांब, मी इकडे पायऱ्यांपाशी. तेवढ्यात खाली रस्त्यावर गाडी आली आणि थांबली. हॉर्न. अप्पा ओसरीत धावले, मफलर फडफडतोय. "या! या!" गाडीतून मुलाचे वडील उतरले, "कसं येऊ?" अप्पा म्हणाले, "असेच सरळ या!" सरळ म्हणजे मांडीपर्यंत बर्फ. मुलगा बिचारा निघाला, चांगला पोरगा होता, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण पायात कॅलिफोर्नियाचे बूट. चार पावलं आला, पाचव्याला पाय वर आला, बूट खाली राहिला. तो बूट शोधायला वाकला, तर त्याची आई गाडीच्या काचेतून ओरडली, "राजू, परत फिर! सर्दी होईल!" मग दोन्हीकडून ओरडून बैठक झाली. "मुलगी काय शिकतेय?" "अकाउंट्स!" "स्वयंपाक?" "उत्तम!" आणि ही उत्तम मुलगी ओसरीच्या खांबाला टेकून, शाल लपेटून, वाटीतले पोहे खात सगळं बघत होती. शेवटी दाजी लाडवांचा डबा पोटाशी धरून पोहल्यासारखे खाली गेले, डबा देऊन आले. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. राजूने एका बुटावर उभं राहून हात हलवला. गाडी गेली.

दुपारी आम्ही पाहुण्यांसाठी केलेलं सगळं जेवलो. मला भूक लागली होती, मी शिरा तीनदा घेतला, आणि ताईने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. अप्पा फक्त दही-भात खात होते. कोथिंबिरीच्या चटणीने हिरव्या झालेल्या पोह्यांकडे बघत होते, मग सुमनकडे, मग माझ्याकडे. आयुष्यभर फायली वाचलेला माणूस. त्यांना कळायला मला लागला तेवढासुद्धा वेळ लागला नव्हता. मला वाटलं आता बॅग भरायची. ताईलाही तसंच वाटलं असणार, कारण माझे धुतलेले कपडे तिने घड्या करून माझ्या खाटेवर आणून ठेवले, गोधडीसकट.

अंधार पडायच्या आत मी प्लग लावला. सवयीने. बॅटरी शेजाऱ्याने चार्ज करून दिली होती. जेवणं झाली, अप्पा उठले. दिव्याचा प्लग, रेडिओचा, इस्त्रीचा. मी टेबलाशीच बसून ऐकत होतो. गराजचं दार उघडल्याचा आवाज आला. ते खाकरले. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार लागलं, अप्पा आत आले, आणि तो रिकामा हात हवेत न धरता त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला. जड हात. "दत्तोबा, सकाळी लवकर उठता ना?" मी म्हटलं, "हो." "दाजींना उशीर होता कामा नये." "नाही होणार." "झोपा मग."

ते वर गेल्याबरोबर मी गराजमध्ये गेलो. खिळा रिकामा होता. प्लग पॉइंटात, जसा मी लावला होता तसाच. मी पाइपवर हात ठेवून उभा होतो, तेवढ्यात दार उघडून सुमन आली. तिनेही आधी खिळ्याकडेच बघितलं. मी म्हटलं, "काय गं?" "कचरा टाकायला आले." "पिशवी कुठाय?" तिने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "विसरले," म्हणाली.

त्या शुक्रवारी प्लग परत का लावला नाहीस, हे मी तिला आयुष्यभर विचारलं. लग्नाच्या दिवशी विचारलं, पोरं झाल्यावर विचारलं, ताई-दाजी अप्पांना घेऊन पार दक्षिणेला, अर्विंगला, उन्हात राहायला गेले आणि हे घर आमच्याकडे आलं तेव्हा विचारलं. दर वेळी एकच उत्तर. "विसरले असेन. किती कामं होती त्या दिवशी." आणि गालात हसायची. कबूल केलं नाही ते नाहीच. अप्पांची फेरी माझ्याकडे कधी आली ते मला कळलं नाही. मुलगा शिकागोहून फोन करतो, "बाबा, बर्फ काढणाऱ्या प्लाउवाल्याला बोलव ना, डोन्ट बी क्रेझी." मी म्हणतो, बघू. ट्रॅक्टर तोच आहे. हीटर तिसरा.

त्या शेवटच्या सकाळी मला जाग आली तेव्हा भट्टी चालू होती आणि सुमनचा हात गार होता. मी तो बराच वेळ धरून बसलो. मग फोन केले. मुलाला केला, ताईला केला, आणि ज्यांना करायचा असतो त्यांना केला. फोनवरची बाई चांगली होती, सावकाश बोलली. म्हणाली, रात्री खूप बर्फ झालाय, तुमच्या घरापर्यंत गाडी येईल का? मी खिडकीतून बघितलं. टायवाला चुकला होता. मी म्हटलं, येईल.

पायजम्यावरच कोट चढवला आणि गराजमध्ये गेलो. खिळा रिकामा होता. मी पाइपला हात लावला. कोमट होता. मग प्लग काढला, वायर आठाच्या आकड्यात गुंडाळली, टोक आत खोचलं, खिळ्यावर टांगली. चढून बसलो, चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं. पायऱ्यांपासून टपालपेटीपर्यंत सगळा ड्राइव्हवे साफ केला, दोन्ही कडा सरळ धरून, गालिचा अंथरल्यासारखा, कोणाच्या बुटाला बर्फ लागणार नाही असा. खाली पोचलो तरी इंजिन बंद केलं नाही. वळणावर गाडीचे दिवे दिसले, तसा मी बाजूला झालो.